रामनगरच्या कातळावर, रामगढच्या शोधात

बिडदी स्टेशन मागे पडलं आणि खिडकीबाहेरचा सपाट मुलूख उठायला लागला. आधी नाचणीच्या शेतात मधेच एखादा प्रचंड धोंडा, मग धोंड्यांची रास, आणि मग अंगावर गवताची काडीही नसलेले अख्खे डोंगर. मावसभावाने कोपर मारलं. "ताई, बघ. आला गब्बरचा इलाका."

बंगळूरच्या मुख्य स्थानकावरून म्हैसूरच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाडीने रामनगर तासाभराच्या अंतरावर आहे. 'शोले'मधलं रामगढ ते हेच. मावशीकडे बंगळूरला जाणं नेहमीचं, पण दर वेळी लग्न नाहीतर बारसं, आणि रामनगर राहूनच जायचं. या खेपेला मी भावाला आधीच बजावून ठेवलं होतं की रविवार माझा.

माझं आणि या सिनेमाचं नातं कानापासून सुरू झालं. आमच्याकडे त्याच्या संवादांची कॅसेट होती. पॉलिडोर कंपनीने आधी संवादांच्या तबकड्या काढल्या, मग कॅसेट आल्या, आणि गाण्यांपेक्षाही त्या गावोगाव वाजल्या. आमच्या गल्लीत गणपतीच्या मांडवात आरती आटोपली की तीच कॅसेट लागायची. त्यामुळे सिनेमा डोळ्यांनी बघण्याच्या कितीतरी आधी मला तो सगळा पाठ होता. गब्बर कसा दिसतो ते ठाऊक नव्हतं, पण तो दगडावरून चालताना कसा आवाज होतो ते पक्कं ठाऊक होतं. बुटांची करकर, आणि त्यामागून फरफटत येणारा काडतुसांचा पट्टा. रामनगरला जायची ओढ होती ती या आवाजासाठी.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "रामदेवर बेट्ट" म्हटलं की पुरे. बेट्ट म्हणजे डोंगर. आमचा रिक्षावाला दखनी बोलणारा होता. "शोले देखने आए क्या? हौ, चलो," म्हणाला. त्याच्या बोलण्यातले हौ आणि नक्को ऐकून मला थेट सोलापूर-लातूरकडे आल्यासारखं वाटलं. वाटेत तो एकेका डोंगराकडे हात करून सांगत होता, इथे घोडे धावले, तिथे तंबू होते. त्याचा जन्म सिनेमानंतरचा, पण वडिलांकडून ऐकलेलं त्याला आमच्या कॅसेटइतकंच पाठ होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये इथे चित्रीकरण सुरू झालं आणि ते बराच काळ चाललं. हमरस्त्यापासून सेटपर्यंत रस्ताच नव्हता, तो सिनेमावाल्यांनी बांधून घेतला. गावच्या एका भागाला काही काळ दिग्दर्शक रमेश सिप्पींच्या नावावरून 'सिप्पीनगर' म्हणत असत.

हे ठिकाण शोधलं राम येडेकरांनी. ते कलादिग्दर्शक. तोवर डाकूंचा सिनेमा म्हटला की चंबळच्या घळी नाहीतर राजस्थानची वाळू, हे ठरलेलं. सिप्पींना ते नको होतं. येडेकर फिरत फिरत दक्षिणेत आले आणि त्यांनी हे कातळ पाहिले. मग त्यांनी इथे अख्खं गाव उभं केलं: घरं, देऊळ, मशीद, बाजार. थोड्या अंतरावर, उंचावर ठाकूरची हवेली. ज्या टाकीवर चढून वीरू मावशीला धमकावतो ती टाकीही त्या गावातलीच. आज यातलं काहीही जागेवर नाही. चित्रीकरण संपल्यावर सेट उतरवला गेला आणि जमीन पुन्हा झुडपांकडे गेली. पहिल्यांदा येणाऱ्या बऱ्याच जणांचा इथे हिरमोड होतो. आमच्या पुढे चाललेलं एक कुटुंब "टाकी कुठेय, टाकी?" असं विचारत होतं. मला वाटतं, टाकी शोधायलाच जाऊ नये. येडेकरांनी निवडलेली मूळ गोष्ट, तो दगड, जिथल्या तिथे आहे.

आणि काय दगड आहे! भूगर्भशास्त्रात याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. इंग्रजी अमदानीत रामनगरचं नाव क्लोजपेट होतं, बॅरी क्लोज नावाच्या अधिकाऱ्यावरून पडलेलं. गावाचं ते नाव गेलं, दगडाला मात्र चिकटून राहिलं. वय सुमारे २५० कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट यापुढे अगदी पोरसवदा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आपल्याकडच्या कड्यांना थर असतात, आडव्या रेघा असतात. हा दगड गुलाबी-करडा, गोलाई घेतलेला, आणि त्यावर पावसाच्या ओघळांचे काळे पट्टे. हात फिरवला तर खरखरीत, जाड दाण्यांचा. उन्हात तापल्यावर चपलेच्या तळव्यातून चटका बसतो.

प्रवेशद्वारावर वनखात्याची चौकी आहे, कारण २०१२ मध्ये हा डोंगर गिधाडांसाठी राखीव अभयारण्य म्हणून जाहीर झाला. लांब चोचीची गिधाडं इथल्या उभ्या कड्यांच्या खोबणीत घरटी करतात. डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधामुळे देशभर गिधाडं झपाट्याने मेली, त्यातून वाचलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की वर घरटं आहे असं समजावं. आम्हाला एक गिधाड दिसलं, खूप उंचावर, पंख न हलवता गिरक्या घेत. त्यांच्यामुळे डोंगराचा काही भाग फिरायला बंद आहे आणि ते योग्यच आहे. सिनेमाच्या आठवणीपायी त्यांच्या घरट्यांखाली आरडाओरडा करायचा हक्क आपल्याला नाही.

पायऱ्यांच्या वाटेने वर रामाचं देऊळ आहे. माथ्यावरून पाहिलं तर चारही बाजूंना असेच बोडके डोंगर, मधून हिरवे नारळ आणि तुतीची शेतं. डेव्हिड लीनने १९८४ च्या आपल्या इंग्रजी चित्रपटातल्या मराबारच्या गुहांसाठी हाच परिसर का निवडला असेल, तेही इथून कळतं.

गब्बरचा अड्डा नेमका कुठला, यावर गावात एकमत नाही. आम्हाला रिक्षावाल्याने एक जागा दाखवली, पायथ्याच्या बाजूची: तीनकडून धोंडे आणि मधे उतरती शिळा. नेमकी तीच असेल-नसेल, पण दगड तोच होता. कोणी आजूबाजूला नाही असं बघून भावाने कमरेचा पट्टा काढला, बक्कल खाली सोडलं आणि चालायला लागला.

करकर. सर्रर्र. टण.

मी डोळे मिटले. कॅसेटमधला आवाज होता तो. हुबेहूब नाही, पण दगडाची खर, धातूचा ठणका आणि समोरच्या शिळेवर आपटून अर्ध्या क्षणाने परत येणारा पडसाद, हे सगळं तेच. तो प्रवेश आठवून बघा. गब्बरचा चेहरा दिसत नाही. आधी बूट दिसतात, लोंबता पट्टा दिसतो. तीन माणसं माना खाली घालून उभी. आणि मग तो प्रश्न: "कितने आदमी थे?" एवढ्या तीन शब्दांत भीती कुठून येते? ती आधीच्या त्या करकरीत साठलेली असते. हे काम मंगेश देसाईंचं. परळच्या राजकमलमध्ये बसून ध्वनिमिश्रण करणारा हा माणूस हिंदी सिनेमाचा कान होता. हवेलीतल्या हत्याकांडात झोपाळ्याची कुरकुर ऐकू येत राहते, तीही त्यांच्याच हातून आपल्यापर्यंत पोचलेली. संवाद सलीम-जावेदचे, त्यांची थोरवी आहेच. पण ओठांवर रुळलेल्या त्या वाक्यांच्या आजूबाजूला जी शांतता ठेवलेली आहे, ती कुणीतरी मोजूनमापून ठेवलेली आहे.

त्याच शिळेवर बसून आम्ही तो प्रसंग क्रमाने आठवला. पिस्तुलात गोळ्या सहा, माणसं तीन. "बहुत नाइंसाफी है." तीन गोळ्या हवेत, मग चक्र फिरवलं, आणि एकेकाच्या डोक्याशी चाप ओढला. तिन्ही वेळा नुसती खट्. तिघेही वाचले. गब्बर हसतो, तिघे हसतात, वरचे धोंड्यांवरचे डाकू हसतात, आणि हसू उतरत असतानाच तीन गोळ्या. ते हसणं किती लांबवायचं आणि कुठल्या क्षणाला तोडायचं, हा संकलकाचा निर्णय. एम. एस. शिंदे त्यांचं नाव. चित्रित झालेल्या लाखो फुटांतून त्यांनी साडेतीन तासांच्या आतला सिनेमा काढला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये 'शोले'ला नऊ नामांकनं होती आणि पारितोषिक मिळालं एकच, शिंद्यांचं. एका परीने तेव्हाच्या परीक्षकांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

त्या तिघांतला कालिया म्हणजे आपले विजू खोटे. नंदू खोट्यांचे चिरंजीव, शुभा खोट्यांचे भाऊ, दुर्गाबाई खोट्यांचे पुतणे. वाट्याला आलेली वाक्यं बोटांवर मोजण्यासारखी. "सरदार, मैंने आपका नमक खाया है." त्यावर "अब गोली खा." एवढ्या भांडवलावर ते जन्मभर कालिया राहिले आणि २०१९ मध्ये गेले तेव्हाही लोकांच्या तोंडी पहिल्यांदा तेच नाव आलं. सांभाचं तर विचारूच नका. उंच धोंड्यावर बंदूक घेऊन बसलेल्या मॅकमोहनला लोक ओळखतात ते "पूरे पचास हज़ार" या तीन शब्दांवर. खाली उभं राहून त्या धोंड्यांकडे मान वर करून पाहिलं आणि मला त्याचं कारण पटलं. सरदार खालून, मागे वळूनही न बघता विचारतो आणि उत्तर आभाळातून येतं. सांभाची जागाच अशी आहे की त्याने काहीही म्हटलं असतं तरी लक्षात राहिलं असतं.

भावाला नाणं प्रिय. जयचं ते दोन्हीकडे छापा असलेलं नाणं, जे वीरूच्या हाती मित्र गेल्यावरच उलटून बघितलं जातं. मला त्याहून प्रिय आहे माउथ ऑर्गन. तो वाजवला भानू गुप्तांनी. पायरीवर बसलेला जय आणि वर हवेलीत एकेक कंदील मालवत जाणारी राधा. संधिप्रकाश रोज काही मिनिटंच मिळतो, म्हणून छायालेखक द्वारका दिवेचा रोज तेवढ्याच मिनिटांसाठी कॅमेरा लावत राहिले, आणि एका छोट्या प्रसंगासाठी दिवसच्या दिवस गेले. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आम्ही ते इथे बघितलं. ऊन गेलं तरी दगड बराच वेळ उजेड धरून ठेवतो, मग एकदम करडा होतो. मी फोनवर काही फोटो काढले, एकही नीट आला नाही. दिवेचांनी वाट का पाहिली ते मात्र समजलं.

सकाळचा रेशीमबाजार सांगायचा राहिला. रामनगरची स्वतःची ओळख सिनेमाची नाहीच, रेशमाची आहे. इथला सरकारी कोषबाजार आशियातल्या सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जातो. लांबलचक दालनात रांगेने ठेवलेल्या ट्रेमध्ये कोष, काही पांढरेशुभ्र, काही फिकट पिवळे. खरेदीदार मूठभर उचलतो, कानाशी हलवतो, बोटांनी दाबून पाहतो, परत टाकतो. सुकट दमट असा उग्र वास. सिनेमावाले आले आणि गेले, हा बाजार रोज सकाळी भरतोच.

परतीच्या वाटेवर बिडदीला तट्टे इडलीसाठी थांबलो. ताटलीएवढी चपटी इडली, वर लोण्याचा गोळा. खाताना भावाने विचारलं, आता पुढे कुठे? मी म्हटलं, पनवेल. चालत्या गाडीवरची ती डाकूंशी झुंज पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झाली आणि त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त लागले. म्हणजे रामगढला पोचणारी गाडी आपल्या घरामागून सुटलेली आहे, आणि आम्ही ती सोडून आधी शेवटचं स्टेशन बघितलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: उन्हाळ्यात जाऊ नका, दगड भाजून काढतो. सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर घ्या, बूट पकड असलेले हवेत. रविवारी गर्दी असते, शक्य असेल तर आडवारी जा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री सिनेमा एकदा लावा, पण पडद्याकडे पाठ करून. नुसता ऐका.