मशीन ‘रनिंग’, पण आत शिरता येईना

हळदीचा हंगाम आला की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं बिलिंग धापा टाकायला लागतं. ते मी सांभाळतो. यंदा म्हणून रात्रीच क्लाउडवरच्या सर्व्हरची इमेज (हुबेहूब प्रत) घेतली आणि तिच्यावरून मोठं मशीन उभं केलं. पॅनेलवर हिरवा ठिपका, ‘रनिंग’. दुरून आत शिरायला एसएसएच केलं तर टाइमआउट.

पहिला संशय फायरवॉलवर. एसएसएचचं पोर्ट २२ उघडंच होतं, तरी नियम तीनदा तपासले. दीड तास गेला, भडंगाचा पुडा संपला. मग पॅनेलवरून रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड बदलला आणि सीरियल कन्सोल उघडला. त्याला मशीनचं नेटवर्क लागत नाही.

नेटवर्क कार्डं आणि त्यांचे पत्ते दाखवणारी ‘आयपी ए’ कमांड दिली. ‘एलओ’, म्हणजे मशीनची स्वतःशीच बोलायची वाट, १२७.०.०.१ वर ठणठणीत. त्याखाली बाहेर जोडणारं कार्ड ‘ईएनएस३’, डाउन, आणि पत्त्याचा पत्ताच नाही. जुन्या मशीनवर तर इथं ‘ईटीएच०’ दिसायचं! नेटवर्कची सेटिंग ठेवणाऱ्या नेटप्लॅनची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. ‘मॅच’खाली जुन्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), त्यालाच ‘ईटीएच०’ हे नाव, आणि खाली हाताने लिहिलेला आयपी. इमेजबरोबर फाइल जशीच्या तशी आली, पण नव्या कार्डाचा मॅक वेगळा. जुळेना, म्हणून ते उठलंच नाही.

हा उद्योग माझाच. वर्षापूर्वी ‘आयपी ए’मध्ये पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसेना म्हणून घाबरलो होतो. तो बऱ्याच क्लाउडवर तिथे दिसतच नाही. मशीनला फक्त खासगी पत्ता ठाऊक असतो, त्याची पब्लिकशी अदलाबदल बाहेर नॅट नावाच्या यंत्रणेत होते. हे न कळता मी मिळालेला खासगी आयपी फाइलीत ठोकून बसवला. वर, मशीन सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या क्लाउड-इनिटने ती फाइल पुन्हा लिहू नये म्हणून त्याचं नेटवर्कचं कामही बंद केलं. शहाणपणा नुसता!

मॅक, नाव, आयपी सगळं उडवलं, ‘डीएचसीपी४’ ट्रू केलं, म्हणजे पत्ता नेटवर्ककडून आपोआप मिळेल. फाइल यामल पद्धतीची, तिला टॅब चालत नाही; तो चुकून पडला, एक एरर खाल्ली. मग ‘नेटप्लॅन ट्राय’. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग परत येतं, म्हणून लांबच्या मशीनवर मी आता थेट ‘अप्लाय’ करत नाही. दोन सेकंदांत १० ने सुरू होणारा पत्ता आला. क्लाउड-इनिटला अडवणारी फाइलही काढून टाकली.

सकाळी सौद्यांनंतर अडतीवाल्या काकांचा फोन.

“बिलं तर कालच्यागतच निघत्यात की. मग रातभर काय करत हुतास रं?”