तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं होऊन भीती नाही वाटत का?

हा प्रश्न मला सारखा येतो, कुणी काळजीनं विचारतं कुणी जरा टोमणा मारून, की ताई रान वाहून गेलं, गावच्या सोसायटीचं शेतीकर्ज तसंच आहे, आणि तुम्ही म्हणता देवावर सोडलंय, तुम्हाला भीती वाटत नाही का?

वाटते की. लई वाटते. माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 ला मी लहान होते पण सगळं लक्षात राहण्याइतकी मोठी होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं गणपती बुडवून दमून झोपलेली आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, माळवदावर मातीचा थर, ती घरंच माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद मिळून दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी कितीतरी दिवस घरात पाठ टेकली नाही, थंडी असो पाऊस असो बाज अंगणातच, नाहीतर पत्र्याच्या शेडमधी. त्यामुळं भीती काय असती हे मला कुणी सांगायला नको.

तेव्हा लोक म्हणायचे देव कोपला, कुणाचं तरी काहीतरी चुकलं असंल. मला हे कधीच पटलं नाही. जमिनीखाली ताण साचला, खडक सरकला, आणि माणसं मेली ती घरांच्या वजनानं. ज्या देवाच्या मिरवणुकीत लेकरं रात्री नाचली त्यानंच पहाटे त्यांच्यावर भिंत टाकली असं मानायचं असंल तर मग विश्वास कशावर ठेवायचा? असल्या देवाची तर भीतीच वाटणार ना.

आता 2025 चा सप्टेंबर. मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. 2016 ला ह्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि आता पुरानं मांजरा नदी पात्र सोडून रानात. ऐन नवरात्र, घट बसलेले, आणि काढायला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. पाणी उतरल्यावर बघितलं तर शेंगांना कोंब फुटलेले आणि नदीकडचा तुकडा तर खरडून मुरूम उघडा पडलेला. मोटार गेली, पाइप गेले, ते जाऊद्या. माती कुठून आणायची?

त्या रात्रींचं सांगते. पावसापेक्षा मोबाईल जास्त घाबरवायचा. ग्रुपवर मेसेज, धरण फुटलं म्हणं, अमक्या पुलावरून पाणी, तमक्याचा वाडा पडला, आणि निम्मं खोटं. आमचे हे दर दहा मिनिटाला बॅटरी घेऊन ओट्यावर जायचे, "पाणी वाढायलंय" म्हणायचे आणि परत येऊन बसायचे. डोक्यात सगळा हिशोब सुरू, कर्जाचा हप्ता, पोराची फी, पुढच्या वर्षीचं बियाणं, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकाही गोष्टीचं रात्री दोन वाजता काही करता येत नव्हतं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, माळकरी आहेत. त्यांनी त्या रात्री जनावरं वरच्या वाड्यात नेऊन बांधायला लावली, कागदपत्रं पिशवीत घालून ती माळ्यावर टाकली, आणि मग हरिपाठ म्हणून चक्क झोपल्या. मी म्हणलं, "आत्या, झोप कशी लागती ओ तुम्हाला?" तर म्हणल्या, "जनाबाईला देव दळू लागला, पण जनीनं जातं सोडलं होतं का? आपलं दळण झालंय आजचं. आता त्यानं बघावं."

गंगाखेडची जनाबाई, नामदेवांच्या घरची दासी, विठ्ठल तिच्यासोबत जातं ओढायचा ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण देव आला म्हणून तिला दळणातून सुट्टी मिळाली असं कुठंच नाही, दळण तेवढंच, फक्त ती एकटी नव्हती. मी देवावर सोडते म्हणजे एवढंच. पीक येईल, पाणी येणार नाही, असं काही त्यानं मला लिहून दिलेलं नाही.

म्हणून देवावर सोडलं म्हणजे हातावर हात ठेवून बसलो असं कुणी समजू नये. पाणी उतरल्याबरोबर फोटो काढले, तलाठ्याच्या मागं लागून पंचनामा करून घेतला. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर पिकाची सरकारी नोंद, आधीच केलेली होती. पीक विमाही भरला होता, जरी एक रुपयात विमा द्यायची योजना बंद होऊन 2025 च्या खरिपापासून विमा रकमेच्या दोन टक्के आपल्याला भरावे लागतात आणि लई जणांनी त्यामुळंच भरला नाही. आत्या ह्यालाच दळण म्हणतात. ते झालं की मग चिंता करत बसायची नाही. मन परत परत तिकडंच जातं, जाऊद्या, परत नामाकडं आणायचं. काही रात्री जमतं, काही रात्री छताकडं बघत उजाडतं.

एक मात्र सांगते, ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याच्यापुढं जाऊन "देवावर विश्वास ठेवा" म्हणू नका. किल्लारीला असे लई आले होते सांगायला. त्यापेक्षा भाकरी घेऊन जा, गप बसा त्यांच्याजवळ. आणि कुणी जगण्यात काही राम नाही असं बोलायला लागलं तर नुसता अंगारा लावून भागत नाही, दवाखान्यात न्या, 14416 ह्या सरकारी नंबरवर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. डॉक्टरकडं गेल्यानं देवावरचा विश्वास कमी होतो हे कुणी काढलंय काय माहीत. आत्या बीपीची गोळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर न चुकता घेतात.

खरडलेला तुकडा तसाच पडलाय, वरच्या रानात हरभरा पेरलाय. आणि आता तुमचा पुढचा प्रश्न येणारच, तर विम्याचे पैसे अजून आले नाहीत. पीक कापणी प्रयोगाचा, म्हणजे काही रानांतलं पीक कापून, मोजून काढलेल्या उत्पन्नाचा, आकडा आल्यावर बघू म्हणतात. तुमच्याकडं कुणाचे जमा झाले असतील तर कळवा.