अंगठ्याचे दुखणे

आज पहाटे तीनच्या सुमारास बाबांच्या हाकेने जाग आली. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन टरारला होता आणि पांघरुणाची कड लागली तरी ते कळवळत होते. गेल्या वर्षी असेच झाले, तेव्हा रक्तातील युरिक ॲसिड ५.९ (मिग्रॅ/डेसिलिटर), म्हणजे सामान्य आले आणि 'मुरगळले असेल' असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. त्या आकड्यावर आम्ही विसंबलो, याचे मला फार वाईट वाटते.

आजच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की, हा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार आहे, आणि त्याचा झटका चालू असताना रक्तातील हे प्रमाण पुष्कळदा सामान्यच दिसते, म्हणून दुखणे ओसरल्यावर साधारण दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. प्रमाण ६.८ च्या वर दीर्घकाळ राहिले की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचतात, आणि पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असल्याने बहुधा तिथेच पहिला घाव बसतो. बाबांची रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळीही युरिक ॲसिड वाढवू शकते, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हते. ती बदलायची की नाही हे डॉक्टरच ठरवणार आहेत.

तरीही युरिक ॲसिड वाढेल या धास्तीने आईने वर्षभर घरात तुरीचे वरण बंद ठेवले होते. पण डाळींचा तेवढा दोष नसतो. कलेजी, तारली आणि दारू यांना मात्र आवर घालायला हवा. संध्याकाळी बाबांनी वरणभात समाधानाने खाल्ला, पाय अजून उशीवरच होता.