काकवीचं रक्त

शनिवार, रात्री दोन वाजून दहा मिनिटं

केसांना अजून धुराचा वास येतोय. आत्ता धुवायला गेले तर आई उठेल, म्हणून तशीच लिहायला बसलेय.

ट्रेलरचं शूटिंग संपलं एकदाचं. दीड मिनिटाच्या भयपटाला खर्च २,३०० रुपये, त्यातले सहाशे पेट्रोल नि वडापावात. जागा वडणग्याच्या पुढचं एक बंद पडलेलं गुऱ्हाळघर. चुलवाण ढासळलेलं, भिंतीवर काजळीची पुटं, कोपऱ्यात उसाचा रस आटवायची भली मोठी काहील उपडी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच म्हणाले होते, "भावा, नाद खुळा लोकेशन!"

रक्ताचं माझ्याकडे होतं. काकवी, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. मनगटावरून ओघळताना अशी दाट, सावकाश उतरते की बघणाऱ्याच्या पोटात कालवावं. फक्त गुऱ्हाळात मुंग्या असतात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमचं भूत आजीच्या नऊवारीत मरून पडलेलं, आणि पाच मिनिटांत कोपरापर्यंत मुंग्या. ती जी किंचाळली, तसं नंतर दहा टेक घेऊनही जमलं नाही. रेकॉर्डर अर्थातच बंद होता.

मोबाईलवर अंधार टिपणं म्हणजे वैताग. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद, वाढवला की काळोखात मुरमुऱ्यांसारखे ठिपके उडतात. म्हणून तो कमी ठेवून टॉर्चला बटर पेपर बांधला. शेजारच्या मोटारीच्या खोलीतला बल्ब लुकलुकायचा, शटर १/५० सेकंदावर आणल्यावर गप्प झाला. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कापायला लावला. आमच्या रक्ताला भुलल्या त्या फक्त मुंग्या.

नऊच्या सुमारास आबा आले, गुऱ्हाळाचे मालक. हातात बॅटरी, खांद्यावर टॉवेल.

"भुताचं हाय व्हय?"

"हो आबा."

"हितं कुठलं भूत? हंगामात रातभर आधणं चालायची. पाठ टेकायला जागा नसायची."

मग गूळ करणारा गुळव्या कुठं उभा राहायचा, गुळाचे रवे कुठं रचायचे, सगळं दाखवलं. आम्ही माना हलवत होतो, डोळे घड्याळावर. धूर हवा म्हटल्यावर त्यांनीच चिपाडं गोळा करून चुलवाण पेटवलं. आमच्या कॅमेरावाल्यानं फ्रेमसाठी काहील सरळ करायला हात घातला, तसे ते पटकन पुढं आले. "नगं, उपडीच असू दे. पाणी साचलं तर गंजंल."

बंद पडून किती वर्षं झाली ते विचारायचं धाडस झालं नाही. मला ती काहील पडलेली, टाकून दिलेली वाटली होती. स्क्रिप्टमध्ये मी तिच्याखालून हातही बाहेर काढला होता. तो शॉट घेतलाच नाही. वेळ नाही असं सगळ्यांना सांगितलं.

आता लॅपटॉपवर बघतेय. सगळ्यात भारी शॉट तोच, धुरातून पदर ओढत भूत पुढं येतं तो. आणि नेमका त्याच शॉटमध्ये मागून आबांचा आवाज: "जपून गं बाई, तितं खड्डा हाय."

ग्रुपवर मेसेज आलाय, आवाज काढून टाक, म्युझिक लावू. तीनदा म्यूट केलं आणि तीनदा परत चालू केलं. सोमवारी जमा करायचंय.