कादंबरीचं पंचांग

कादंबरीचा पहिला खर्डा झाला की लगेच भाषा घासत बसू नये. आधी तिचं पंचांग मांडावं. आडवी वही घ्या, पाच रकाने आखा: प्रकरण, साल-महिना-तिथी, पात्रांची वयं, शिवारात काय चाललंय, घडतं काय. काम कंटाळवाणं आहे, पण छापल्यावर वाचकानं चूक दाखवण्यापेक्षा बरं.

सगळ्यात जास्त घोळ वयांचा निघतो, त्याखालोखाल बाळंतपणाचा. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण चैत्रात आणि बारसं दिवाळीत, म्हणजे पोर पोटातच आणखी सहा महिने मुक्कामाला!

मग चंद्र. कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या रात्री पळून जाणारं जोडपं किर्र काळोखात डोंगर उतरतं, असं सहज लिहून जातं. यात्रा पौर्णिमेची. चांदणं लख्ख पडलेलं, लपायला जागा नाही. इथं 'काळोख' खोडून 'चांदणं' लिहिलं की भागलं, असं नाही. प्रसंगच नव्यानं रचावा लागतो. दोघं सासनकाठ्यांच्या, म्हणजे यात्रेत नाचवतात त्या उंच काठ्यांच्या, गर्दीत शिरतात. तोंडं गुलालानं इतकी माखलेली की सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखत नाही. चूक सापडली म्हणून हा प्रसंग मिळाला, एरवी सुचला नसता. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडतात तो किरणोत्सव मात्र तिथीत शोधू नका; तो सूर्यावर चालतो, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर.

शिवाराचा रकाना शहरातल्या लेखकांना नडतो. भर श्रावणात गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवलेलं असतं! त्या दिवसांत पंचगंगा पात्राबाहेर, ऊस अजून कोवळा, जाळायला वाळलेली चिपाडं कुठली? काहिलीतली मळी काढणारा गुळव्या दाखवायचाच असेल तर प्रसंग दिवाळीनंतर न्या.

सालांचे अडसर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावेत. कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणून १९४६ चं पात्र इथं जिल्हा कलेक्टरकडे अर्ज घेऊन जात नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. त्यानंतर निवेदनात पंचवीस पैसे लिहा. संवादात मात्र हात लावू नका. कोल्हापुरातल्या गंगावेशीतला म्हातारा पुढं कितीतरी वर्षं 'चार आण्याची तंबाखू दे' असंच म्हणणार.