सावलीतली पीस लिली फुलवताना: माझा अनुभव

पीस लिलीला सावली आवडते, अंधार नाही. फुलं येत नाहीत या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. जागा ठरवण्यासाठी मी भर दुपारी मातीपासून फूटभर उंचीवर हात धरते. सावलीच्या कडा पुसट असल्या तरी पंजा ओळखू येत असेल, तर जागा योग्य. सावली पडतच नसेल, तर नुसती हिरवी पानं वाढतात. रेखीव, गडद सावली पडली, तर तिथे पानं करपणार. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ चालतं.

नर्सरीतून फुलांसह आणलेलं झाड पुढे कित्येक महिने फुलत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. फुलं लवकर यावीत म्हणून उत्पादक अनेकदा जिबरेलिक आम्लाची (फुलं आणणाऱ्या वाढ-संप्रेरकाची) फवारणी करतात. तो बहर संपला की झाडाला स्वतःच्या वेगाने वाढू द्यावं.

लागवडीसाठी मी २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि १ भाग गांडूळखत घेते. कोकोपीट आधी दोनतीनदा धुऊन पिळून घ्यायचं, कारण त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं तपकिरी होतात. मोठ्या झाडाखाली लावायचं असेल, तर मी कुंडीसकटच ठेवते. थेट जमिनीत लावलं, तर त्या झाडाची मुळं पाणी आणि खत दोन्ही पळवतात.

कुंडी मुळांनी गच्च भरली की फुटवे वेगळे करायचे. आदल्या दिवशी पाणी द्यावं, मग गड्डा बाहेर काढून माती झटकावी. प्रत्येक तुकड्याला दोनतीन फुटवे आणि स्वतःची मुळं हवीतच. एकच फुटवा असलेला तुकडा सावरायला फार वेळ घेतो. हाताने सुटत नसेल तिथेच स्वच्छ सुरी वापरावी. पानांचा बुंधा पूर्वी होता त्याच पातळीला ठेवायचा, खोल गाडला की कुजतो. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम दोन इंच रुंद असावी. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं सडतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र हे झाड फसवतं. तहान लागली तरी माना टाकतं, मुळं सडली तरी माना टाकतं. म्हणून आधी मातीत बोट घालावं. वरचा इंचभर थर कोरडा असेल, तर भरपूर पाणी द्यावं. काही तासांत पानं उभी राहतात. माती ओली असूनही झाड मलूल दिसलं, तर ते उपटून मुळं बघावीत. पांढरी, टणक मुळं ठेवायची, तपकिरी आणि लिबलिबीत झालेली कापून टाकायची आणि ताज्या मिश्रणात लावायचं.

नव्याने लावलेल्या झाडाला महिना-दीड महिना खत नको. पुढे वाढीच्या काळात दीड महिन्यातून एकदा १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात), लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, ओल्या मातीतच देते. नत्र जास्त झालं की पानं माजतात, फूल मागे पडतं. फूल हिरवट झालं की दांडा तळाशी कापावा. झाडाच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, त्यामुळे कापणीनंतर हात धुवावेत आणि कापलेला पाला मुलांच्या किंवा मांजरांच्या तोंडाशी येईल असा पडू देऊ नये.