तुम्ही विचारलंत म्हणून: "फळ्या गोंदाने जोडताना आवळून धरायचे शिकंजे विकत का घेत नाही?"

मेहुणा विचारतो. खालच्या मजल्यावरचे काका ठोकाठोकी ऐकून वर येतात आणि विचारतात. पुण्याच्या बोहरी आळीतला दुकानदार तर मला आटेवाला रॉड कापून देता देता विचारतो, आणि त्याच्या डोक्यामागे तयार शिकंजे ओळीने टांगलेले असतात. "साहेब, क्लॅम्प घरी कशाला बनवता? घेऊन टाका ना चार!"

इतकी वर्षं मी "स्वस्त पडतं" म्हणून सुटका करून घेत होतो. ते खोटं आहे. बाभळीची पट्टी, 12 मिलिमीटरचा रॉड, नट, वॉशर, मोडलेली दोन ड्रिल बिटं आणि दोन रविवार धरले तर माझा शिकंजा दुकानातल्यापेक्षा महागच पडतो. बायकोने तो हिशेब एकदा मांडला आहे, त्यामुळे इथे आकडे देत नाही.

मग मी मजबुतीचं सांगायला लागलो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, पाणी मारलं की ती आवळते, तोही शिकंजाच आणि तोही तिथल्या तिथे केलेला, वगैरे. ऐकायला छान. पण कठीण लाकडाच्या जोडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 12 ते 17 किलो दाब द्यावा, असं गोंद बनवणारे सांगतात. पाच फुटी, सव्वा इंच जाडीच्या फळीची कड घेतली तर तो हिशेब कमीत कमी सहा टनांच्या घरात जातो. माझे सहा शिकंजे मिळून त्याच्या निम्मा तरी देतात का, शंकाच आहे. जुने सुतार मात्र रंधा मारलेल्या दोन कडांना गरम सरस लावायचे, एकमेकींवर घासायचे आणि शिकंज्याशिवाय ठेवून द्यायचे. कडा बसलेल्या असल्या की थोड्या दाबात भागतं. नसल्या, की आपण शिकंज्याकडून रंध्याचं काम करून घेतो. माझं तेच झालं होतं.

गावचा वाडा उतरवला तेव्हा माजघराच्या दाराच्या सागवानी फळ्या मी पुण्याला आणल्या. आईचा झोपाळा वाड्याबरोबर गेला होता, तिला नवा करून द्यायचा होता. तीन फळ्या, दोन जोड, सहा शिकंजे, सगळे घरचे. मे महिना, दुपारचे दोन. फेविकॉल लावला, फळ्या जुळवल्या, ओल्या सागाला लोखंड लागून काळे डाग पडू नयेत म्हणून रॉडखाली दुधाच्या पिशव्या कापून घातल्या आणि आवळायला घेतलं. तीन वरून, तीन खालून. बायको दाराशी उभी होती.

"अहो, पंखा बंद करू का? वाळतंय बघा ते."

"असू दे. घाम टपकतोय फळीवर."

एका जोडात मधोमध कागद जाईल एवढी फट होती. तिथला शिकंजा पिळत गेलो. त्या रॉडच्या एका फेऱ्याला शिकंजा पावणेदोन मिलिमीटर आवळतो. अर्धा फेरा. पाव फेरा. फट मिटली. मी आणखी पाव फेरा दिला. तो कशाला दिला, हे मला आजही सांगता येत नाही.

फटाक्यासारखा आवाज झाला. पट्टीच्या टोकाची, फळीची कड धरणारी लाकडी आकडी उडून कपाटावर आपटली. भार शेजारच्या दोघांवर आला, त्यातला एक सरकला आणि मधली फळी कमानीसारखी वर उचलली. मी तिच्यावर बसलो. "तूही बस," म्हणालो, तर तीही बसली. दोघं सागवानावर, हात कोपरापर्यंत बरबटलेले, वर पंखा गरगरतोय. दुसरा शिकंजा लावेपर्यंत फेविकॉलवर साय धरली होती. जोड वरून मिटला, आतून धरला नाही. दुसऱ्या दिवशी फळी जराशी टेकवली तर कडेची वेगळी होऊन हातात आली.

सगळं खरवडून, पुन्हा रंधा मारून झोपाळा झाला, पण पाऊण इंचाने अरुंद. पितळी कड्यांची भोकं आत सरकवावी लागली. आईला सांगितलेलं नाही.

तुटलेली आकडी नंतर उचलून पाहिली. लाकडाचे रेषे आडवे होते. आकडीचे रेषे ओढीच्या दिशेने हवेत, हे शाळकरी पोरालाही सांगितलं तर कळेल. मलाही माहीत होतं. उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून मी ती आडवी कापली होती.

म्हणून माझं उत्तर असं तयार झालं: घरचा शिकंजा तुटला तर का तुटला ते मला कळतं, बाजारचा सरकला तर मी नुसत्या शिव्या देतो. त्यानंतर 13 बनवले, एकाचीही आकडी गेलेली नाही.

पण झोपाळ्याच्या वेळचा मी समोर येऊन उभा राहिला तर विचारेल, "लोखंडी असता तर तुटला असता का?" नसता. "मग?" मग मी त्याला म्हणेन, लोखंडी असता तर तू आणखी दोन फेरे दिले असतेस, गोंद सगळा बाहेर पिळला असतास आणि जोड कोरडा पडला असता. तो म्हणेल, हे तू आता बनवून सांगतोयस. असेलही. आणि पंख्याचं तर दोघंही बोलणार नाही.

गेल्या दिवाळीत दोन लोखंडी घेतले. दुकानदार काही बोलला नाही, नुसता हसला. घरी आणल्यावर त्यांच्या दांड्या हाताला बारीक वाटल्या, म्हणून काढून बाभळीच्या बसवल्या आहेत. रेषे उभे.